लहान मुलांना घरीच दीनी तालीम: आधी कायदा की आधी किस्से?

सफा_फोंडा

सगळ्यांना सलाम, नमस्कार.

मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, मुलगी तीनची. दोघांना घरीच शिकवायचं असं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं आहे. मराठी वाचन, मोजणी, झाडं-पक्षी, मातीकाम हे सगळं छान चाललंय. घोडं अडतंय ते दीनी तालमीपाशी, म्हणजे धर्मशिक्षणापाशी.

माझं माहेर राजापूरचं, घरात मराठी आणि आमची कोकणी बोली. सासर मूळ हुबळीकडचं, तिथे दख्खनी. मुलं माझ्याशी मराठीत बोलतात, दादीशी दख्खनीत आणि अंगणात शेजारच्या पोरांशी कोंकणीत. मुलांसाठीची इस्लामी पुस्तकं बाजारात मिळतात ती उर्दूत नाहीतर इंग्रजीत. सासूबाई म्हणतात, आधी नूरानी कायदा हातात दे, अरबी अक्षरं एकदा बसली की बाकीचं मागून येतं. मला वाटतं आधी पैगंबरांचे किस्से, छोट्या दुआ, वागणं-बोलणं. अक्षरं सातव्या वर्षानंतर. नवरा म्हणतो, मगरिबनंतर (संध्याकाळच्या नमाजेनंतर) मशिदीच्या मकतबात, म्हणजे मुलांच्या दीनी वर्गात, पाठवू, घरी कशाला डोकं शिणवायचं.

ज्यांनी घरी शिकवलंय त्यांनी सांगा. सुरुवात कुठून केलीत? कोणत्या भाषेत? रोज किती वेळ? आणि आणखी एक: आम्ही शाफई, सासर हनफी, म्हणजे इस्लामी आचाराच्या दोन वेगळ्या परंपरा. नमाज कुणाच्या पद्धतीची शिकवू?

तिसवाडी

शीर्षकात 'कायदा' वाचून आपला विषय आला म्हणून धावत आलो, तर इथे अरबी अक्षरओळखीच्या पुस्तकाची चर्चा! आलोच आहे तर माझ्या कायद्याचंही सांगून टाकतो, कारण घरी शिकवणाऱ्या पालकांना तो लागतोच.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. ६ ते १४ वयाच्या मुलांना तो लागू आहे. कलम १० म्हणतं की मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पण ते पाळलं नाही तर पालकाला काय शिक्षा, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. घरशाळा करणारी कुटुंबं त्या फटीत उभी आहेत. त्यामुळे पुढची वाट आत्तापासून माहीत असू द्या. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) मूलभूत शिक्षणाचे तीन टप्पे आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे. दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात. मुलाच्या वाचनाच्या, गणिताच्या वह्या तारखा घालून जपून ठेवा.

दुसरं, जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तिथे धर्मशिक्षण देता येत नाही, हे घटनेच्या २८ व्या अनुच्छेदातच आहे. म्हणजे मूल शाळेत गेलं असतं तरी हा प्रश्न घराच्या नाहीतर मकतबाच्या वाट्यालाच आला असता.

सफा_फोंडा

तिसवाडी, आभार. वह्यांचं लक्षात ठेवते. कर्तव्य आहे पण शिक्षा नाही, हे मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

चांदरात

सफा, मडगावहून सलाम. माझी तीन मुलं, तिन्ही घरी शिकली. मोठी आता कुरआन वाचते, मधला कायद्यात आहे, धाकटी नुसती लुडबुड करते.

माझं मत तुझ्या बाजूचं, पण अर्धंच. किस्से आधी हे बरोबर. अक्षरं सातव्या वर्षापर्यंत बंद ठेवायची हे मात्र मला पटत नाही. मोठीला मी वेळापत्रक आखून शिकवलं नाही. दिवसातल्या ज्या गोष्टी घडतातच त्यांना एकेक दुआ जोडली. जेवायला बसताना बिस्मिल्लाह, शिंक आली की अल्हम्दुलिल्लाह, घरातून निघताना, झोपताना. आणि अभ्यासाला बसताना 'रब्बी ज़िदनी इल्मा', कुरआनच्या सूरह (अध्याय) ताहामधली. 'माझ्या रब्बा, मला आणखी ज्ञान दे' एवढा तिचा अर्थ, तो पाच वर्षांच्या मुलाला लगेच कळतो. प्रत्येक दुआचा अर्थ मराठीत, पहिल्याच दिवशी. अर्थ कळला नाही तर मूल ती दुआ म्हणतं, पण मागत नाही.

किस्से सांगायला पुस्तकच हवं असं नाही. नूह अलैहिस्सलामची नाव, यूनुस अलैहिस्सलामचा मासा, इब्राहीम अलैहिस्सलामनी तारे, चंद्र, सूर्य पाहून केलेला विचार, अबरहाच्या फौजेतला हत्ती. स्वतः आधी तर्जुम्यात (भाषांतरात) वाचायचं आणि मग आपल्या भाषेत सांगायचं. यूनुसचा किस्सा सांगितला तेव्हा मधल्याने विचारलं, 'मोरीएवढा (शार्कएवढा) होता का गं मासा?' दुसऱ्या दिवशी बाजारात प्रत्येक मोरीच्या तोंडात डोकावून बघत होता. मासेवाली म्हणाली, बाबा, आत कोण नाही, घेऊन जा.

वेळेचं म्हणशील तर अरबीचा पाठ पंधरा-वीस मिनिटं, फजरनंतर (पहाटेच्या नमाजेनंतर) किंवा न्याहारीआधी. त्यापुढे ताणू नको.

आबोली

मासेवालीचा किस्सा भारी!

मी साखळीची. आमच्या घरी दिवेलागणीला शुभंकरोती, मग पाढे, मग रामरक्षा. आजी अर्थ सांगायची नाही, पण तिच्या मांडीवर बसून ते कानावर पडत राहिलं. कॉलेजला गेल्यावर अर्थ शोधावासा वाटला तो त्यामुळेच. म्हणून चांदरातताईंच्या 'अर्थ पहिल्याच दिवशी' या म्हणण्याशी मी थोडी असहमत. नाद आधी पोटात जातो, अर्थ मागून आला तरी चालतो. पण हे माझ्या घरचं, तुमच्याकडे काय चालतं ते तुम्हीच जाणे.

मांडवीकाठ

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. पाच वर्षांच्या मुलाला कुठलाच धर्म शिकवू नये. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कुणीच. अठराव्या वर्षी त्याचं त्याने वाचावं आणि ठरवावं. त्यात शाळाही घरीच असेल तर मुलाला दुसरा आवाज ऐकू यायचा कुठून?

वाळपईचा_मुअल्लिम

मांडवीकाठ साहेब, तुमच्या दुसऱ्या प्रश्नात दम आहे, त्यावर पुढे येतो. आधी ताईंच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण माझा रोजचा धंदाच तो आहे. संध्याकाळच्या मकतबात लहान मुलं शिकवतो.

कायदा आधी की किस्से आधी, या वादात एक तिसरी गोष्ट राहून जाते. कान. मूल अक्षर ओळखण्याआधी आवाज ओळखतं. अरबीतले कितीतरी आवाज मराठीत नाहीत. घशाच्या तळातून येणारा ऐन, जीभ दाताखाली येणारा से, जड आवाजाचे साद आणि ज़ाद, आणि काफचे दोन प्रकार. सूरह इख्लासच्या सुरुवातीला 'क़ुल' आहे, म्हणजे 'सांग'. तो पडजिभेपासून येणारा क़ाफ जर साध्या क सारखा उच्चारला तर त्याचा अर्थ होतो 'खा'. म्हणून देवनागरीत छापलेल्या सूरह मुलांच्या हातात देऊ नका अशी माझी हात जोडून विनंती आहे. मोठ्यांनी अर्थ समजायला देवनागरी वापरावी, मुलाने तिलावत (कुरआनपठण) शिकायला नाही. एकदा चुकीचा मखरज (उच्चारस्थान) जिभेवर बसला की तो काढायला वर्षं जातात.

मग करायचं काय? चार-साडेचार वर्षांपासून रोज एका चांगल्या कारीची (कुरआन शुद्ध पढणाऱ्याची) तिलावत लावायची, एकच सूरह, कितीतरी दिवस तीच. सूरह नास, फलक, इख्लास, कौसर. कौसर तर तीनच आयतींची (ओळींची). मूल आपोआप म्हणू लागतं. अम्मपाऱ्यात, म्हणजे कुरआनच्या शेवटच्या भागात, ३७ सूरह आहेत, बहुतेक सगळ्या लहान, म्हणून सगळीकडे शेवटच्या पाऱ्यापासून सुरुवात करतात. मग साडेपाच-सहाच्या सुमारास कायदा. रोज दोन अक्षरंसुद्धा खूप झाली. आधी सुटी अक्षरं, मग जोडाक्षरं, मग जबर-जेर-पेश या स्वरखुणा, मग जज़्म आणि तश्दीद या पुढच्या खुणा. घाईने कायदा संपवलेली मुलं कुरआनात येऊन अडखळतात आणि तिथे त्यांचं मन उडतं.

आता मकतबाबद्दल. घरी शिकवा, जरूर शिकवा, पण आठवड्यातून दोन दिवस तरी मुलाला जमातीत (सामूहिक नमाजेत) येऊ द्या. रांगेत खांद्याला खांदा लावून उभं राहणं, मोठ्यांना सलाम करणं, दुसऱ्याचा सबक (धडा) शांत बसून ऐकणं हे एकट्या मुलाला घरी शिकवता येत नाही.

रानफूल

मुअल्लिम साहेबांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. मी लहानपणी ज्या मकतबात जायचे तिथे छडी होती. गाव आणि नाव सांगत नाही. सबक चुकला की हातावर. मला सूरह यासीन पाठ होती तरी आत शिरताना पोटात गोळा यायचा. त्या भीतीमुळे मी कितीतरी वर्षं कुरआन उघडला नाही. म्हणून माझ्या मुलींना मी घरीच शिकवते, आणि सफाच्या नवऱ्याला सांगावंसं वाटतं की पाठवण्याआधी एक दिवस दारात उभं राहून बघून या.

वाळपईचा_मुअल्लिम

ताई, तुमचं म्हणणं खरं आहे आणि आम्हा शिकवणाऱ्यांनी ते ऐकायलाच हवं. हजरत अनस रज़ियल्लाहु अन्हू लहान वयात नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या खिदमतीत आले आणि दहा वर्षं राहिले. ते सांगतात की त्या दहा वर्षांत नबींनी मला कधी 'उफ' म्हटलं नाही, हे का केलंस आणि ते का नाही केलंस असंही विचारलं नाही. ही हदीस (नबींबद्दलची नोंद) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अनसच्या धाकट्या भावाचा, अबू उमैरचा, पाळलेला पक्षी मेला तर नबी त्याच्यापाशी जाऊन विचारायचे, 'अबू उमैर, तुझ्या चिमणपाखराचं काय झालं रे?' मुलाच्या मेलेल्या पाखराची चौकशी करणाऱ्या नबींचा दीन छडीने शिकवायचा?

हिरवी_टोपी

पण उस्ताद, सात वर्षांची झाली की मुलांना नमाज सांगा, ही अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस सगळे सांगतात. तिच्यात पुढे दहाव्या वर्षी मारण्याचंही आहे. ते गाळून कसं चालेल?

वाळपईचा_मुअल्लिम

गाळत नाही. पण आलिमांनी (धर्मपंडितांनी) त्याला किती अटी घातल्यात त्याही सांगायला हव्यात. इजा नको, वळ उठता कामा नये, तोंडावर तर नाहीच, आणि रागाच्या भरात कधीच नाही. शिवाय सात ते दहा या तीन वर्षांत प्रेमाने सांगायचं आहे, आणि दिवसाला पाच नमाजा धरल्या तर पाच हजारांहून जास्त वेळा सांगून होतं. ज्याने तेवढ्या वेळा मुलाचा हात धरून सोबत मुसल्ल्यावर (नमाजेच्या चटईवर) नेलं, त्याच्यावर हात उगारायची वेळ येत नाही. आणि आपण बोलतोय ते पाच वर्षांच्या मुलाबद्दल. त्याच्यावर अजून नमाज फर्जही नाही.

तिसवाडी

शाळेत मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं यावर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. मदरसे आणि वेदपाठशाळा २०१२ च्या दुरुस्तीने त्या कायद्याबाहेर ठेवल्या गेल्या, पण म्हणून तिथे मूल मार खायला मोकळं झालं असा अर्थ कुणी काढू नये.

दर्यावर

मी जहाजावर असतो, घर वास्कोला. वर्षातले बरेच महिने मुलगी मला फोनच्या पडद्यावरच भेटते. माझा वाटा मी भूगोलातून उचलतो.

गोव्यात किब्ला (नमाजेची मक्केकडची दिशा) ढोबळमानाने पश्चिमेला, समुद्राकडे. पण नेमका बघितला तर पश्चिमेपासून साधारण १५ अंश उत्तरेकडे सरकलेला. मी मुलीला होकायंत्र आणून दिलं आणि गच्चीवर खडूने रेघ मारायला लावली. मग मी जिथे असेन तिथून माझी दिशा सांगायची आणि तिने नकाशावर काढायची. मी तांबड्या समुद्रात जिद्दाच्या उत्तरेला असलो की 'आज बाबांचा किब्ला आपल्यासारखा नाही' हे तिने स्वतः शोधून काढलं. आता पृथ्वी गोल असल्यामुळे सरळ रेघ नकाशावर वाकडी का दिसते, यावर आमचं घमासान चालू आहे.

चंद्राचंही तसंच. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे आपल्या वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. म्हणून रमजान ऋतूंमधून मागे मागे सरकत जातो आणि साधारण ३३ वर्षांनी फिरून तिथेच येतो. २०३० साली एकाच वर्षात दोनदा रमजान सुरू होणार, जानेवारीत आणि डिसेंबरअखेरीस. हे मुलीने वजाबाकी करून काढलं तेव्हा तिला वाटलं तिनेच पहिल्यांदा शोधलंय. मी काही बोललो नाही.

सफा_फोंडा

दर्यावरभाई, हे तर उद्याच करणार. होकायंत्र घरात आहे, नुसतं पडून.

रानफूल, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. 'आधी मी जाऊन बसतो' म्हणाला.

मांडवीकाठ

किब्ल्याच्या रेघेने मला थोडं गप्प केलं हे कबूल. पण प्रश्न सोडत नाही. मुलाने विचारलं की शेजाऱ्यांकडे चवथीला गणपती आणतात, आपण का नाही, तर उत्तर काय देता? तिथेच खरी परीक्षा असते. 'ते चुकीचे, आपण बरोबर' हे पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यात गेलं की ते अंगणात खेळताना बाहेर येतंच.

चांदरात

मांडवीकाठदादा, हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार, कारण घरी शिकवणाऱ्या आईला सगळ्यात जास्त विचार इथेच करावा लागतो.

आमच्या शेजारी चवथीला माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची मांडणी) बांधतात. मुलं रानातली फळं, कांगणीचे घोस बघायला जातात, नावं पाठ करून येतात. मोठीने विचारलं होतं, आपल्या घरी का नाही? मी म्हटलं, आपण ज्या अल्लाहची इबादत करतो त्याची मूर्ती किंवा चित्र करत नाही, तो कशासारखाच नाही. शेजारची काकी तिच्या श्रद्धेने करते, आणि तिच्या श्रद्धेची टिंगल करायला आपल्याला बंदी आहे. ही बंदी मी माझ्या मनाने घातलेली नाही. सूरह अनआमच्या १०८ व्या आयतीत अल्लाहने सांगितलं आहे की लोक अल्लाहखेरीज ज्यांना पुकारतात त्यांना शिव्या देऊ नका. आणि सूरह काफिरूनची शेवटची आयत मुलांना तशीही पाठ असते: 'लकुम दीनुकुम वलिय दीन', तुम्हाला तुमचा दीन, मला माझा.

माझा अनुभव असा की ज्या मुलाला स्वतःच्या घरचं नीट माहीत असतं ते दुसऱ्याकडे मोकळेपणाने जातं. तिथे काय खायचं, कशात भाग घ्यायचा, कशात नाही, हे त्याला ठाऊक असतं. घाबरतं ते अर्धवट माहिती असलेलं मूल. आणि अठराव्या वर्षाचं म्हणाल तर तोवर मुलाला काहीच न सांगणं हेही एक शिकवणंच झालं ना? आम्हाला जे प्राणाहून प्रिय आहे ते लेकरापासून अठरा वर्षं लपवून ठेवायचं, हे मला जमणार नाही.

खाजन

मी पेडण्याचा ख्रिस्ती, मराठी शाळेतून शिकलेला, म्हणून इथे असतो. आमच्याकडे रविवारी मिसानंतर मुलांचा धर्मवर्ग असतो. शाळा वेगळी, धर्मवर्ग वेगळा, घरी संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना). तिन्ही ठिकाणी तीच गोष्ट तीन माणसांकडून ऐकायला मिळते, त्यामुळे एका माणसाच्या आवडीनिवडीत मूल अडकत नाही. सफाबाईंनी हे बघावं. सगळं आईकडूनच आलं तर आईचा कंटाळा आला की धर्माचाही कंटाळा येईल.

नाताळच्या दिवसांत मुलं आमच्याकडे गोठा बघायला आली तर सूरह मरियमचा किस्सा त्याच आठवड्यात सांगा. शेजारच्या मुसलमान मुलीने मला तो सांगितला होता. मरियम एकटी खजुराच्या झाडाखाली, आणि झाड हलवलं की खजूर पडतात. मला तो आमच्या गोष्टीइतकाच आवडला.

मांडवीकाठ

चांदरातताई, उत्तर आवडलं. पूर्ण सहमत नाही, पण अंगणाची काळजी मिटली. विज्ञानाचं मात्र कुणीतरी बोला.

बांद्याचे_आजोबा

विज्ञानाचं तरुणांनी बोलावं. मी ताईंच्या शेवटच्या प्रश्नावर बोलतो, त्याला अजून कुणी हात लावला नाही.

बेटा सफा, कोकणातले आम्ही शाफई, घाटावरचे आणि कर्नाटकातले बहुतेक हनफी. गोव्यात दोन्ही एकाच सफेत (नमाजेच्या रांगेत) उभे राहतात आणि ही काही आजची गोष्ट नाही. फरक किती? आम्ही रुकूला (कमरेत वाकायला) जाताना आणि उठताना हात उचलतो, ते उचलत नाहीत. आम्ही आमीन मोठ्याने म्हणतो, ते मनात. फजरला आम्ही कुनूत ही दुआ पढतो, ते रात्रीच्या वित्र नमाजेत. असरची (दुपारनंतरच्या नमाजेची) वेळ त्यांची थोडी उशिरा सुरू होते. बस, मुलाला कळण्यासारखे एवढेच. अशा चारही परंपरांच्या इमामांची वाट खरी आहे हे सगळे मानतात.

नमाज मुलगा तुझ्याकडून शिकणार असेल तर तुझ्या पद्धतीने शिकव. बाप घरी जमात करत असेल आणि मुलगा त्याच्या बाजूला उभा राहत असेल तर बापाच्या पद्धतीने. कुणाचीही चालेल, फक्त एकच आणि पक्की. दोन्हींची खिचडी करू नको. मात्र दादीसमोर 'आमचंच खरं' हे शब्द त्याच्या कानावर पडू देऊ नको. त्याने विचारलं तर सांग, दादी अशी पढते, मी अशी पढते, दोघींची कबूल होते. माझ्या घरात दोन सुना हनफी आहेत. नातवंडं विचारतात, आम्ही सांगतो, पुढे जातो.

सफा_फोंडा

आजोबा, जज़ाकल्लाह. हा प्रश्न मी घरात मोठ्याने विचारू शकत नव्हते. सासूबाईंना दुखवायचं नव्हतं.

कुळागर

मी फोंडा तालुक्यात मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालो. माझ्या वर्गात मुसलमान मुलं नेहमी असायची, काही तर वर्गात सर्वांत शुद्ध मराठी लिहिणारी.

लिपीबद्दल शिक्षक म्हणून सांगतो. एकाच वेळी दोन लिप्या शिकणं मुलाला झेपतं, पण एकाच बैठकीत नको. देवनागरी डावीकडून उजवीकडे, अरबी उजवीकडून डावीकडे. दोन्हींच्या वेळा, जागा, शक्य तर बसायचा पाटही वेगळा ठेवा. तुमचा मुलगा मराठी वाचतो म्हणजे अक्षराला आवाज असतो ही मोठी उडी त्याने मारलेली आहे. दुसरी लिपी त्यामुळे लवकर येईल. तिसरी, म्हणजे इंग्रजी, थोडी मागे ठेवली तर काही बिघडत नाही.

भाषेबद्दल. तिलावत अरबीत, अर्थ आणि गप्पा मराठीत, दादीकडून किस्से दख्खनीत. यात गोंधळ नाही, श्रीमंती आहे. मराठीत वाचायचं तुम्ही स्वतःसाठी शोधत असाल तर साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती' मिळवा. मुलांसाठी नाही, पण नबींचं चरित्र मराठीत किती प्रेमाने सांगता येतं ते त्यातून कळतं. तोच सूर धरून सांगा.

आणि फोंड्यात राहता तर मुलाला साफा मशिदीत घेऊन जा. १५६० सालची, विजापूरच्या आदिलशाहीतली. जांभ्या दगडाची ती तळी आहे ना, तिच्या भिंतीतल्या मेहराबीसारख्या कमानी मोजायला सांगा. वुजूचं (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याचं) पाणी, दगड कुठून आला, आदिलशहा कोण, पोर्तुगीज कधी आले. एका दुपारीत इतिहास, भूमिती आणि दीन तिन्ही होतील. फक्त पावसात पायऱ्या निसरड्या असतात, हात धरा.

आबोली

कुळागर सर, तुमचा प्रतिसाद वाचून पुन्हा शाळेत बसावंसं वाटलं. ती तळी मीही फक्त बसमधूनच बघितलीय.

प्रयोगवही

मांडवीकाठ यांनी विज्ञानाचं विचारलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मुसलमान आहे, म्हणून लिहिते. लहान मुलांना हा झगडा असतो असं मला दिसलं नाही, तो आपण मोठे त्यांच्यात पेरतो. पाऊस अल्लाह पाडतो आणि पाऊस बाष्पीभवनामुळे पडतो, ही दोन उत्तरं मुलाला एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत, एक कोण याचं असतं, दुसरं कसं याचं. कुरआन वारा, ढग, मधमाशी, उंट, पर्वत यांच्याकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवून 'बघा, विचार करा' म्हणतो. मग बघू द्या. भिंगातून मधमाशी बघताना मूल सुबहानल्लाह म्हणालं तर विज्ञानाचं काही जात नाही.

मात्र एक जपा. पुस्तकांत आणि व्हिडिओंत 'हा शोध आधीच लिहून ठेवला होता' अशा छापाचं खूप असतं. ते मुलांना देऊ नका. उद्या विज्ञानाने आपलं म्हणणं बदललं तर मुलाला वाटेल आयतच डळमळली.

मांडवीकाठ

शेवटच्या परिच्छेदासाठी टाळ्या. हे सगळ्या धर्मांच्या व्हॉट्सॲप गटांत चिकटवायला हवं.

सफा_फोंडा

दोन दिवस सगळं वाचत होते, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. आता घरात जे ठरलं ते सांगते.

तिलावत ऐकणं रोज, मगरिबनंतर, सूरह नासपासून. कायदा सुरू करतोय, पण सासूबाईंकडे, त्यांच्या खोलीत, दहा मिनिटं. त्यांचे मखरज माझ्यापेक्षा चांगले आहेत, त्या लहानपणी हुबळीत एका आलिमाकडे शिकलेल्या. हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं! किस्से आणि दुआ माझ्याकडे, मराठीत. नमाज नवऱ्यासोबत, म्हणजे हनफी. आणि मकतबात आठवड्यातून दोन दिवस, नवरा जाऊन बसून आल्यानंतर.

आता उरलेले दोन प्रश्न. सासूबाई दोन महिने हुबळीला जाणार आहेत, तेव्हा ऑनलाइन कारी ठेवू का? आणि धाकटी भावाच्या कायद्यावर हात मारते, पानं फाटतील अशी भीती आहे.

रानफूल

ऑनलाइन ठेवायचा तर मूल एकटं खोलीत कधीच नको. तू किंवा नवरा पडद्यासमोर दिसत बसायचं, फोन बैठकीच्या खोलीत, इअरफोनशिवाय, म्हणजे शिकवणाऱ्याचा शब्दन् शब्द घरभर ऐकू येईल. पहिल्या पाठात तो मुलाला दुरुस्त कसं करतो ते बघ. 'चूक' म्हणून थांबतो की स्वतः पुन्हा म्हणून दाखवतो. दुसरा असेल तर ठेव.

वाळपईचा_मुअल्लिम

रानफूल ताईंशी शंभर टक्के सहमत. भर घालतो: दोन महिन्यांत नवीन धडे घ्यायलाच हवेत असं नाही. दादींनी जिथवर आणलं तिथवरचंच रोज ऐकून घेतलं तरी पुष्कळ. नवीन धड्याला सबक म्हणतात, पण शिकवणाऱ्याची सगळी मेहनत मागचा धडा पक्का करण्यात जाते. दादींना फोनवर ऐकवता आलं तर कारी शोधायचीही गरज नाही.

चांदरात

धाकटीसाठी वेगळा कायदा दे, तिच्या मालकीचा. माझ्याकडे जाड पुठ्ठ्याचा, मोठ्या अक्षरांचा एक आहे, तिन्ही पोरांचे दात सोसून शाबूत. शुक्रवारी नवरा कामाने फोंड्याला येतोय, त्याच्याकडे देते. व्यक्तिगत निरोपात सांग, जुन्या बसस्टँडवर घेशील की घरी पोचवू?

सफा_फोंडा

घरीच पाठवा त्यांना, जेवायला थांबायला सांगा. पत्ता निरोपात टाकते.